फुकटात आलेला मिक्सर, दोन महिने वापरून (आणि 'कोलॅब' शब्दावरून झालेली कटकट)

पहिल्याच ओळीत सांगून टाकते, हा मिक्सर मला फुकट मिळालाय. कंपनीने पाठवला, मी पैसे दिले नाहीत, त्यांनीही मला दिले नाहीत, मिक्सर घ्या आणि त्याबद्दल तुमच्या रीलमध्ये बोला एवढाच सौदा. आणि ही ओळ सगळ्यात वर टाकण्यावरून त्यांच्या जाहिरात एजन्सीच्या मुलाशी माझी आठवडाभर वाजली, ते पुढे येईलच.

कंपनीचं नाव घेणार नाहीये. एकतर माझी तक्रार दोनच पीसवरून आहे, आणि दुसरं म्हणजे नाव घेतलं की चांगलं बोला नाहीतर वाईट, त्यांची जाहिरात होतेच. तुम्ही सहा हजाराच्या आसपासचा, ७५० वॅटचा, तीन जारवाला मिक्सर घ्यायला निघाला असाल तर हे वाचा, नाव कुठलंही असो, बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

तर खोकं आलं जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, डिलिव्हरीवाल्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौथ्या मजल्यावर आणून दिलं (लिफ्ट बंद, आमच्या परळच्या बिल्डिंगची लिफ्ट पावसाळ्यात सुट्टीवर असते). आत मशीन, दीड लिटरचा मोठा जार, एक लिटरचा मधला, चारशे मिलीचा चटणीचा, एक प्लास्टिकचा चमचा आणि वॉरंटी कार्ड. कार्ड कोरं. बिल नाही. ही बिलाची गोष्ट लक्षात ठेवा.

दिसायला छान आहे, काळा आणि तांब्याचा रंग, ओट्यावर ठेवला की शेजारी गॅसची शेगडीच जुनी वाटायला लागते. पण दिसण्याने वाटण होत नाही. आमच्याकडे मिक्सरचं खरं काम म्हणजे वाटण, आठवड्यातून तीनदा तरी, सुकं खोबरं आणि कांदा भाजून, त्यात धणे, बडीशेप, दोन लवंगा, थोडी खसखस असेल तर. वर्षाचा मसाला मी मिक्सरवर करत नाही, तो मे महिन्यात लालबागला मसाला गल्लीत डंकावर कुटून आणते, पण रोजचं वाटण घरीच. आणि वाटणाची परीक्षा एकच, दोन बोटांत घेऊन चोळायचं. रवाळ लागलं की कालवणात खोबरं वेगळं आणि रस्सा वेगळा होणार, मग वरून कितीही तर्री आणा.

या मिक्सरमध्ये वाटण रवाळ लागतं. पहिल्यांदा वाटलं मी पाणी कमी घातलं, दुसऱ्यांदा वाटलं खोबरं कमी भाजलं गेलं, तिसऱ्यांदा मी आमचा अकरा वर्षांचा जुना मिक्सर माळ्यावरून खाली काढला आणि तव्यातला तोच मसाला अर्धा इकडे अर्धा तिकडे घातला, दोन्हीकडे अर्धी अर्धी वाटी पाणी, घड्याळ लावून तीन तीन मिनिटं. जुन्यातलं गंधासारखं आलं. नव्यातलं बोटाला टोचलं. नव्याला अजून दोन मिनिटं दिली तर बारीक झालं पण तोपर्यंत जार एवढा तापला की झाकण काढल्यावर वाफ आली. मधल्या जारचं पातं बुडापासून जरा जास्त वर आहे, त्यामुळे थोडंसं वाटण असलं की ते पात्याच्या खालीच गोल फिरत बसतं. चार माणसांच्या घरात नेहमी थोडंच असतं ना.

शेंगदाण्याचं कूट मात्र फर्स्ट क्लास. बटण उलट्या बाजूला थोडं थोडं फिरवलं की चार झटक्यांत कूट, तेल सुटत नाही, उपासाच्या दिवशी सासूबाई खूश. पन्हं, ताक, टोमॅटो प्युरी, काही प्रश्न नाही. इडलीचं पीठ बरं होतं पण गार पाणी घालत वाटायला लागतं, नाहीतर डाळ कोमट होते. एकदा मी घाईत मोठा जार गच्च भरला तर मशीन मध्येच बंद पडलं, मला वाटलं जळला, पण खाली लाल बटण असतं ते पाच मिनिटांनी दाबलं की परत चालू. हे बहुतेक मिक्सरना असतं पण निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि मग रिपेअरवाल्याला नुसतं ते बटण दाबायचे पैसे देऊन येतात. आवाज खूप आहे. सकाळी सहाला लावला की खालच्या मजल्यावरच्या काकांना अलार्म लागत नाही.

आता कटकट.

पार्सल आल्यावर तिसऱ्या दिवशी एजन्सीच्या मुलाचा मेसेज, मॅम रील कधी, आणि कॅप्शनमध्ये प्लीज फ्री, गिफ्ट वगैरे नको, त्याने रीच पडतो (म्हणजे कमी लोकांना दिसतं), हवं तर शेवटी हॅशटॅगमध्ये कोलॅब (म्हणजे कोलॅबरेशन, कंपनीबरोबर मिळून केलेलं) टाका. शेवटी म्हणजे कुठे, तर मराठी रेसिपी, मुंबई फूड, किचन टिप्स असे वीसेक हॅशटॅग असतात त्यांच्या मागे एकविसावा. मी म्हटलं असं नाही चालत, तर तो म्हणाला, मॅम आम्ही पेमेंट कुठे केलंय, मग ती ॲड कशी?

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाहीये, माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलींचा आहे. पैसे घेतले तर जाहिरात, वस्तू आली तर ती काय, प्रेमाने दिलेली भेट. मीसुद्धा २०१९ पर्यंत हेच समजत होते. तेव्हा मला एक नॉनस्टिक कढई आली होती, मी चार दिवस वापरून छान छान बोलले, फुकट आलीय हे कुठेच सांगितलं नाही, खोटं बोलायचं म्हणून नाही, सुचलंच नाही. आणि आमच्या शेजारच्या वहिनींनी माझं बघून तीच कढई घेतली, स्वतःच्या पैशाने. सहा महिन्यांत तिचं कोटिंग पोह्यांत यायला लागलं. माझ्या कढईचंही गेलं, पण माझं काय गेलं, मला फुकट होती, मी ती कुंडीखाली ठेवली. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या न बोलण्यानेच मला जास्त झालं.

तर त्या मुलाला मी नियम पाठवले. आपल्याकडे दोन ठिकाणांहून आलेत हे. पहिलं ॲस्की, म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषद, १९८५ पासूनची, मुंबईतच ऑफिस आहे, ही सरकारी नाही, जाहिरातवाल्यांनीच स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था. त्यांनी २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी (म्हणजे आमच्यासारखे सोशल मीडियावर वस्तू सुचवणारे) नियम आणले, १४ जून २०२१ पासून लागू. त्यात लेबल कुठलं लावायचं इथपासून ते किती सेकंद दिसलं पाहिजे इथपर्यंत सगळं आहे. व्हिडिओ १५ सेकंदांच्या आतला असेल तर लेबल निदान ३ सेकंद, १५ सेकंद ते दोन मिनिटं असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश, आणि त्याच्या वर असेल तर त्या वस्तूबद्दल बोलताय तेवढा सगळा वेळ. माझं रील ४५ सेकंदांचं, म्हणजे १५ सेकंद. एजन्सीला दोन सेकंद हवे होते, तेही खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे माझं नाव आणि कॅप्शन चढून ते झाकलं जातं.

दुसरं सरकारचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण बसलं, मग ९ जून २०२२ ला फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि २० जानेवारी २०२३ ला ग्राहक व्यवहार विभागाने खास सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर लोकांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. छोटी आहे, चहा पिता पिता वाचून होते, पण कोणी वाचत नाही. त्यात 'मटेरियल कनेक्शन' म्हणून एक शब्द आहे. म्हणजे तुमचं आणि कंपनीचं असं काही नातं, ज्याने तुमच्या बोलण्यावर लोकांनी किती विश्वास ठेवायचा ते बदलू शकतं. आणि त्या यादीत पैशाबरोबर फुकट वस्तू आहे, अटीवर दिलेली असो किंवा बिनअटीची, डिस्काउंट आहे, गिफ्ट आहे, ट्रिप आणि हॉटेलचा मुक्काम आहे, बार्टर (पैशाऐवजी वस्तूच्या बदल्यात काम) आहे, अवॉर्ड आहेत, इतकंच काय तर कंपनीत तुमचा नातेवाईक असला किंवा तुम्ही तिथे नोकरीला असलात तर तेही आहे. म्हणजे माझ्या नणंदेच्या मिस्टरांच्या कंपनीचं लोणचं मी सहज म्हणून चांगलं म्हटलं तरी सांगायला पाहिजे की बाई, घरचंच आहे.

फोटो असेल तर ते फोटोवरच दिसलं पाहिजे, व्हिडिओ असेल तर लिहूनही आणि तोंडाने बोलूनही, लाइव्ह असेल तर सगळा वेळ. आणि हॅशटॅगच्या किंवा लिंकच्या गर्दीत घुसवायचं नाही, हे तर सरळ लिहिलंय. तो एकविसावा हॅशटॅग तिथेच गेला. शिवाय जी गोष्ट स्वतः वापरली नाही तिची शिफारस करायची नाही. हे मला सगळ्यात आवडलं, कारण खोकं उघडतानाच्या व्हिडिओत 'एकदम भारी प्रॉडक्ट' म्हणणाऱ्या मुली मी रोज बघते, अजून प्लग लावलेला नाही आणि भारी कसं कळलं?

दंडाचा आकडा सांगितला की सगळे ताठ बसतात. फसव्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत, पुन्हा सापडलात तर ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्याला शिफारस करायलाच एक वर्षापर्यंत बंदी, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत. आता माझ्यासारख्या अकरा हजार फॉलोअरवालीच्या दारात उद्या कोणी नोटीस घेऊन उभं राहील असं मला वाटत नाही, उगाच घाबरवत नाही. अमेरिकेत पण असंच झालं होतं, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १ डिसेंबर २००९ पासून फुकट वस्तू घेऊन लिहिणाऱ्यांना ते उघड सांगायला लावलं तेव्हा ११ हजार डॉलर दंडाची हाकाटी झाली, आणि लोक म्हणाले की पेपरात पुस्तकांवर लिहिणाऱ्यांनाही पुस्तकं फुकटच येतात, मग आमच्याच मागे का. नंतर त्या खात्यानेच सांगितलं की आमचा रोख मुळात कंपन्यांवर आहे. पेपरचा मुद्दा मला पटतो थोडा. पण पेपरात पुस्तक फुकट येतं हे वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि मिक्सरबद्दल मी माझ्या ओट्यापाशी उभी राहून बोलते तेव्हा बघणाऱ्याला वाटतं हिने घेतलाय, आपणही घेऊ.

गंमत म्हणजे फुकट म्हणजे काय हे इन्कम टॅक्सवाल्यांना बरोब्बर कळलंय. १ जुलै २०२२ पासून १९४आर कलम आलं, धंद्यातून मिळणारा असा फायदा वर्षाला २० हजारांच्या वर गेला की देणाऱ्याने १० टक्के टीडीएस भरायचा. आणि त्यांच्या सर्क्युलरमध्ये सोशल मीडियावाल्यांचं उदाहरण आहेच, वस्तू वापरून परत केली तर फायदा धरायचा नाही, ठेवून घेतली तर धरायचा. म्हणजे टॅक्सच्या वेळी ती कमाई आणि कॅप्शनच्या वेळी ती प्रेमाची भेट, असं कसं चालेल? माझा मिक्सर वीस हजाराच्या खालचा, त्यामुळे टीडीएसची भानगड आली नाही.

शेवटी भाषेवर आलं. एजन्सी म्हणाली ठीक आहे, सुरुवातीला लिहा पण 'कोलॅब' लिहा. मी सासूबाईंना रील दाखवलं, म्हटलं हे काय लिहिलंय वाचा. त्या चष्मा लावून म्हणाल्या, कोलंबी का? तू तर शेंगदाणे घातलेस. ॲस्कीच्या नियमात लेबल इंग्रजीत चालतं किंवा जाहिरातीच्या भाषेत, पण सामान्य माणसाला कळेल असं. माझं बघणाऱ्यांत निम्म्या बायका सासूबाईंच्या वयाच्या. म्हणून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कंपनीने फुकट दिलाय', आणि तोंडाने बोलले पण. एजन्सीला ते 'डाउनमार्केट' वाटलं. रीच पडला का? नेहमीपेक्षा कमी बघितलं लोकांनी, हो. पण खाली प्रश्न आले ते वेगळेच, फुकट मिळाला म्हणता तर विकत घेतला असता का? असं मला याआधी कधी कोणी विचारलंच नव्हतं. ते जुन्या-नव्याचं अर्धं-अर्धं वाटण मी त्या प्रश्नानंतरच केलं, खरं सांगते. नाहीतर कूट आणि पन्ह्यावरच भागवलं असतं.

आणि आता ते बिल.

पाचव्या आठवड्यात चटणीचा जार गळायला लागला. कोथिंबिरीची चटणी करून जार उचलला तर मशीनवर हिरवं नाही, काळपट पाणी. बुडाखालून, पातं जिथे बसतं तिथून. नाक्यावरच्या रिपेअरवाल्याने जार उलटा केला, खालचा कपलर (जार मशीनवर बसतो तिथली चकती) अंगठ्याने हलवून दाखवला, म्हणाला बुश ढिला आहे ताई, नव्यातच असा आलाय, दीडशे रुपयांत करून देतो पण वॉरंटीत असेल तर त्यांच्याकडूनच घ्या, चटणीत ते काळं जायला नको. मी एजन्सीला नुसता फोटो टाकला, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा जार घरी. कुरियरने, वर सॉरीची चिठ्ठी आणि चॉकलेट.

मी खूश झाले असते. पण याच दरम्यान वहिनींनी हाच मिक्सर घेतला होता, सेलमध्ये ५,७९९ ला, माझं रील बघून नाही, त्यांच्या भाच्याने सुचवला म्हणून (मी दोनदा विचारून खात्री केली). त्यांचाही चटणीचाच जार, तसाच गळायला लागला. त्यांच्याकडे बिल, भरलेलं वॉरंटी कार्ड, सगळं. टोल फ्री नंबरवर तक्रार केली, नंबर मिळाला, चार दिवसांनी फोन आला की माणूस येईल, माणूस आला तो म्हणाला पार्ट नाही, मग परत फोन, मग सर्व्हिस सेंटरला घेऊन या, सर्व्हिस सेंटर कुठे तर अंधेरीला, पावसात जार घेऊन वेस्टर्नने जा आणि या. मी म्हटलं १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, त्यांनी केला, तिथे तक्रार नोंदवल्यावर पाचव्या दिवशी जार आला. एकूण १९ दिवस.

मला एक दिवस, बिलाशिवाय. त्यांना १९, बिलासकट. मी जर रीलमध्ये म्हटलं असतं की सर्व्हिस एकदम फास्ट आहे, तर ते खरंच होतं, मी पाहिलेलं होतं. फक्त ती सर्व्हिस दुकानात मिळत नाही. त्यामुळे यापुढे फुकट आलेल्या कुठल्याही वस्तूच्या सर्व्हिसबद्दल मी बोलणारच नाही, ते विकत घेतलेल्याला विचारा.

तर वहिनींच्या आणि माझ्या अनुभवाची गोळाबेरीज करून, माझ्याकडून पाचपैकी अडीच. अर्धा नुसत्या कुटासाठी आहे. तुमच्याकडे वाटण होत नसेल, चटण्या, ज्यूस, कूट एवढंच असेल आणि आवाज सहन होत असेल तर चालेल. घेताना दुकानातच जार उलटा करून कपलर अंगठ्याने हलवून बघा, हलता कामा नये. मधल्या जारमध्ये बोट घालून पात्याच्या खाली किती जागा आहे ते बघा (प्लग काढलेला असताना, आणि पात्याला हात न लावता). बिल जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, थर्मल पेपरवरचं बिल वर्षात पांढरं होतं.

विकत घेतला असता का, त्या बाईंना उत्तर द्यायचं राहिलंय. नाही घेतला असता. या किमतीत तर नाहीच.

एजन्सीला मी सांगितलं होतं की परत घेऊन जा, तर म्हणाले ठेवा मॅम, आमच्याकडे रिव्हर्स पिकअप नसतो. परवा परत मेसेज आलाय, एअर फ्रायर पाठवायचाय, फक्त ते 'फुकट' जरा लहान अक्षरांत लिहाल का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मिक्सर ओट्यावर आहे, दिसायला छान आहे म्हणून. मंगळवारी सुरमई आणली तेव्हा वाटणासाठी जुनाच माळ्यावरून काढला, आणि या वेळी परत वर ठेवलेला नाही.